अडाण्यांचा कॅमेरा

कॅमेरा बनवणाऱ्याचं आपल्याबद्दल काय मत आहे, हे त्याच्या कॅमेऱ्यावरची बटणं मोजली की कळतं. अंगभर चकत्या, आकडे आणि खटके असतील तर त्याला आपण अभ्यासू, धीराचे आणि पैसेवाले वाटलो आहोत. एकच बटण असेल तर त्याने आपल्याला बरोबर ओळखलं आहे.

मी एका बटणाच्या घराण्यातला. आमच्या घरात ‘अ‍ॅपर्चर’ म्हणजे काय हे कोणाला कळलं नाही आणि त्यावाचून कोणाचं अडलंही नाही. तरीही घरात फोटोंचे अल्बम आहेत, आणि अल्बमात न मावलेले फोटो बुटांच्या खोक्यात आहेत. हे आपल्याला कसं काय जमलं, याचा शोध घ्यायला गेलो तेव्हा कळलं की आमच्या अज्ञानावर तीन-चार देशांतल्या हुशार इंजिनिअरांनी शंभर वर्षं मेहनत घेतली आहे. कुठल्याही घराण्याच्या अज्ञानाकडे इतक्या गांभीर्याने क्वचितच पाहिलं गेलं असेल.

फोटो काढणं हा मुळात डॉक्टर-केमिस्टांचा प्रांत. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्या सुरुवातीच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. तेही डॉक्टरच. त्यात नवल नव्हतं, कारण बाटल्यांतली औषधं मापून मिसळायची सवय असलेल्या माणसालाच ते काम जमण्यासारखं होतं. काचेवर ओलं रसायन पसरायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आतच तो धुवायचा. फोटोग्राफर गावाबाहेर निघाला की बरोबर तंबू, काचा, बाटल्या, पाणी आणि हे सगळं वाहणारी माणसं निघत.

१८७७ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात जॉर्ज ईस्टमन नावाच्या बँकेतल्या तरुण कारकुनाने सहलीला न्यायचं म्हणून असं सगळं सामान विकत घेतलं. सामान इतकं झालं की सहल राहूनच गेली. एरवी अशा प्रसंगी माणूस सामान माळ्यावर टाकतो आणि बायकोची बोलणी खातो. ईस्टमनने लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला विचार करायला वेळ मिळाला. सामान कमी कसं करता येईल, यावर त्याने पुढची अकरा वर्षं घालवली आणि १८८८ साली ‘कोडॅक’ बाजारात आणला. किंमत २५ डॉलर. आत शंभर फोटोंची फिल्म आधीच भरलेली. दोरी ओढायची, बटण दाबायचं, चावी फिरवायची, संपलं. शंभर फोटो झाले की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. १० डॉलर घेऊन कंपनी फोटो छापणार आणि नवी फिल्म भरून कॅमेरा परत धाडणार. तुम्ही फक्त बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो, अशी त्यांची जाहिरात होती. ऐकायला किती अदबशीर! पण नीट कान देऊन ऐकलं तर त्यात ‘बाकीच्याला हात लावू नका’ असा दमही आहे.

२५ डॉलर ही काही गरिबाची किंमत नव्हती. ती आली १९०० साली. फ्रँक ब्राउनेल या कारागिराने ईस्टमनसाठी पुठ्ठ्याचा एक डबा केला, एका टोकाला साधं भिंग बसवलं, आणि त्याचं नाव ठेवलं ‘ब्राउनी’. पामर कॉक्स या चित्रकाराची ब्राउनी नावाची बुटकी, खोडकर भुतावळ तेव्हा अमेरिकेतल्या पोरांमध्ये फार लाडकी होती, तिचं हे नाव. कॅमेरा कोणासाठी आहे हे त्यातून स्पष्ट होतं. किंमत एक डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण तीन रुपये. सहा फोटोंची फिल्म १५ सेंटला. पहिल्याच वर्षात लाखाच्या वर डबे खपले.

या किमतीतली खोच लगेच लक्षात येत नाही. कोंबडी जवळजवळ फुकट द्यायची आणि अंडी जन्मभर विकायची, असा तो धंदा होता. डॉलर एकदाच जायचा, पंधरा सेंट मात्र प्रत्येक वाढदिवसाला. आमच्या ज्ञानावर कंपनीचा काडीचा विश्वास नव्हता, पण आमच्या हौसेवर मात्र पूर्ण होता. आणि दोन्ही बाबतींत तिचा अंदाज चुकला नाही.

आता प्रश्न असा की जो माणूस अंतर मोजणार नाही, उजेड मोजणार नाही, त्याचा फोटो येतो कसा? यातली युक्ती फार सुंदर आहे. भिंगाचं भोक बारीक ठेवलं की जवळचं आणि लांबचं, दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. मग फोकस करायची गरजच उरत नाही. आठ-दहा फुटांवर उभ्या असलेल्या माणसापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं चालून जातं. एखादी गोष्ट अगदी धारदार नाही, पण कुठलीच गोष्ट पार बिघडलेलीही नाही. उजेडाचा कमीजास्तपणा फिल्मने सांभाळून घ्यायचा. निगेटिव्ह फिल्म स्वभावाने सोशिक असते. तिच्यावर थोडा जास्त उजेड पडला तरी ती कुरकुर करत नाही. उरलेली जबाबदारी सूर्यावर.

सूर्य मात्र पाठीशी हवा, एवढी एकच अट असे. पाठीशी म्हणजे काढणाऱ्याच्या. म्हणजे ज्याचा फोटो काढायचा, त्याच्या थेट डोळ्यांत. जुन्या फोटोंत आपले आजोबा-पणजोबा कपाळाला आठ्या घालून, डोळे बारीक करून, जणू सावकाराकडे पाहावं तसे पाहताना दिसतात आणि आपण म्हणतो, ‘फार कडक होते हो स्वभावाने.’ ते कडक असतीलही. पण निम्मा कडकपणा दुपारच्या उन्हाचा होता.

या डब्याची थट्टा करणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. १९१६ साली अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यात सहलीला आलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात आईवडिलांनी असाच ब्राउनी ठेवला. त्याचं नाव अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. पुढे उजेड मोजण्याची एक अख्खी पद्धतच त्याने जगाला शिकवली, आणि सुरुवात केली ती उजेड मोजताच न येणाऱ्या डब्यापासून. दुसरी गोष्ट १९१२ सालची. टायटॅनिक बुडाल्यावर वाचलेल्यांना उचलून घ्यायला ‘कार्पेथिया’ हे जहाज धावलं. त्यावर सतरा वर्षांची बर्निस पामर नावाची मुलगी आईबरोबर प्रवास करत होती. नुकताच भेट मिळालेला ब्राउनी तिच्याजवळ होता. डेकवर घोंगड्या पांघरून बसलेल्या माणसांचे आणि समुद्रातल्या हिमनगाचे तिने फोटो काढले. न्यूयॉर्कला एका वृत्तछायाचित्र कंपनीने त्या फोटोंचे हक्क तिच्याकडून १० डॉलरला घेतले. शतकातल्या सगळ्यात गाजलेल्या अपघाताच्या ठिकाणी जगातल्या थोर फोटोग्राफरांपैकी कोणीही नव्हता. एक शाळकरी मुलगी होती आणि तिचा डबा होता.

पुढचा इतिहास म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातून एकेक काम काढून घेण्याचा इतिहास. कंपन्यांच्या लक्षात आलं की लोकांना फिल्म भरता येत नाही. कोणी उन्हात भरतात, कोणी उलटी भरतात, कोणी भरतच नाहीत आणि लग्न संपेपर्यंत रिकामा कॅमेरा उडवत राहतात. म्हणून १९६३ साली कोडॅकने ‘इन्स्टामॅटिक’ काढला. फिल्म एका बंद डबीत. डबी आत टाकायची आणि झाकण लावायचं, उलटी बसायचीच नाही. सात वर्षांत पाच कोटींच्या वर कॅमेरे तयार झाले. फिल्म भरायला घाबरणारे आपण एकटेच नाही, हे कळल्यावर माणसाला केवढा धीर येतो!

जपानमध्ये ऑलिंपस कंपनीतल्या योशिहिसा माइतानी नावाच्या तरुण इंजिनिअरने उलट्या बाजूने विचार केला. आधी किंमत ठरवली, सहा हजार येन, आणि मग त्यात काय बसतं ते पाहिलं. स्वतः लायकासारखा उंची कॅमेरा वापरणारा माणूस, त्यामुळे भिंगात काटकसर करायला मन धजेना. त्याने इतर सगळीकडे कात्री लावली. १९५९ साली ‘ऑलिंपस पेन’ आला, तो एका फोटोच्या जागेत दोन फोटो काढणारा होता. छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर. या कॅमेऱ्याची कल्पना मराठी मध्यमवर्गाला कशी सुचली नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

त्याच घराण्यातला १९६७ चा ‘ट्रिप ३५’ तर स्वाभिमानी निघाला. त्याला बॅटरी लागत नाही. भिंगाभोवतीच्या सेलेनियमच्या कड्यावर उजेड पडला की त्यावरच तो हिशेब करतो. उजेड पुरेसा नसेल तर दर्शिकेत एक लाल पट्टी जीभ काढल्यासारखी वर येते आणि बटण दाबलं जातच नाही. इतर कॅमेरे वाईट फोटो काढू देत. हा नकार देई. पुढे १९७५ साली कोनिकाने कॅमेऱ्यातच फ्लॅश बसवला, आणि १९७७ साली कोनिकाच्याच दुसऱ्या कॅमेऱ्याने फोकसही स्वतःच करायला सुरुवात केली. १९८६ साली फुजीने या प्रवासाचं टोक गाठलं. कॅमेरा आणि फिल्म एकत्र, वापरून झालं की अख्खी वस्तूच दुकानात द्यायची आणि फोटो घेऊन घरी यायचं. म्हणजे शंभर वर्षांनी गाडी फिरून ईस्टमनच्या पहिल्या अटीवर आली. उघडू नका, पाठवून द्या.

आपल्याकडे आयातीवर कडक बंधनं होती, तेव्हा सामान्य माणसाच्या हाती हा इतिहास आला तो बडोद्याहून. आग्फाचा ‘क्लिक थ्री’ तिथे बनत असे. काळं, चौकोनी, प्लास्टिकचं अंग, रोलवर बारा चौरस फोटो, आणि हवामानाबद्दल दोनच मतं. ऊन किंवा ढग. रोल विलायती मिळाला तर ठीक, नाहीतर उटीच्या सरकारी कारखान्यातला ‘इंदू’. कोणाचा भाऊ आखातात असला तर ‘फॉरेनचा’ कॅमेरा येई आणि मग त्या घराला आळीत निराळाच मान मिळे. बाकीच्यांनी मुंबईला गेल्यावर फोर्टातल्या बोरा बझारात काचेपलीकडचे कॅमेरे बघायचे आणि भाव विचारून परत यायचं. ऐंशीच्या दशकात ‘हॉट शॉट’ आला, त्याच्या जाहिरातीतला ‘खटॅक’ पोरांच्या तोंडी बसला. मग यशिकाचा एमएफ-टू, कोडॅकचा केबी-टेन, रंगीत रोल, तासाभरात फोटो देणारी दुकानं. नव्वदीत माथेरानच्या पॉइंटवर उभं राहिलं तर दर दुसऱ्या कुटुंबाच्या गळ्यात यांपैकी एक लोंबत असे.

या सगळ्या कॅमेऱ्यांचे दोष इतके ठरलेले होते, की त्यांना घरचे रीतिरिवाज म्हणावं. पहिला दोष शिरच्छेदाचा. डोळा लावायची खिडकी आणि फोटो काढणारं भिंग या दोन वेगळ्या गोष्टी. लांबच्या देखाव्यात फरक कळत नाही, पण जवळच्या माणसाच्या बाबतीत खिडकीला दिसतं ते भिंगाला दिसत नाही. खिडकीत मामांचं डोकं पूर्ण असतं, फोटोत पागोट्यासकट उडालेलं असतं. भिंगावर बोट आलं तरी खिडकीतून दिसत नाही, म्हणून कित्येक फोटोंत डाव्या कोपऱ्यातून एक गुलाबी डोंगर उगवलेला असतो. दुसरा दोष लाल डोळ्यांचा. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असल्यामुळे त्याचा उजेड डोळ्यांच्या तळाशी जातो, तिथल्या रक्तवाहिन्यांचा रंग घेऊन सरळ भिंगात परत येतो. त्यामुळे मुंजीतला बटू, त्याचे आईवडील आणि भटजी असे सगळे एकजात राक्षसगणाचे दिसतात.

पण या कॅमेऱ्यांचं खरं देणं दोषांत नव्हतं आणि गुणांतही नव्हतं. ते रोलच्या शेवटी होतं.

रोल महाग, धुलाई महाग, त्यामुळे एक रोल गणपतीला भरायचा तो दिवाळीपर्यंत पुरवायचा. फोटो काढायचे ते ठरवून. गणपतीपुढे सगळे, ताईच्या साडीचा एक, आलेल्या पाहुण्यांबरोबर एक. प्रत्येक फोटोआधी पाच मिनिटं चर्चा, केस विंचरणं, शर्ट खोचणं आणि ‘हलू नका रे’. या फोटोंत सगळे ताठ उभे असतात, हात नेमके कुठे ठेवावेत ते कोणालाच कळलेलं नसतं. ते फोटो म्हणजे आम्ही नव्हे. आम्ही कसे दिसावं याबद्दलचा तो आमचाच ठराव आहे.

मग कधीतरी तीन-चार फोटो उरायचे. रोल धुवायला टाकायचा असेल तर ते संपवायला हवेत, कारण अर्धा रोल धुणं म्हणजे पैसे पाण्यात. काका कॅमेरा घेऊन घरभर फिरायचे, ‘संपवायचा आहे, संपवायचा आहे’ असं म्हणत. कशाचा काढायचा हा प्रश्न, कारण काढण्याजोगं सगळं काढून झालेलं. मग दारातली जास्वंद. शेजाऱ्यांची नवी स्कूटर. स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसलेली आजी, ‘माझा कशाला, वाया जाईल’ म्हणत हात पुढे केलेली. पेपर वाचता वाचता झोप लागलेले नाना.

आज बुटांच्या खोक्यात हात घातला की माणसं हेच फोटो मागतात. ताईची ती साडी कुणाला आठवतही नाही. आजीचा तो नको म्हणणारा हात मात्र सगळ्यांना हवा असतो. या फोटोंचा विषय कोणी निवडला नव्हता, त्यासाठी कोणी तयार झालं नव्हतं. काटकसरीने ते काढून घेतले. ज्या माणसाला काही कळत नाही, त्याच्या हातून चांगली गोष्ट घडायची तर अशीच घडायची, त्याला उरलेलं संपवायला सांगून.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने फिल्मशिवाय फोटो काढणारं पहिलं यंत्र जुळवलं. साडेतीन किलोंच्या वर वजन, एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद. कंपनीने ते पाहिलं आणि बाजूला ठेवलं. २०१२ च्या जानेवारीत त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अंडी विकणाऱ्याला अंड्यावाचून चालेल असं जग दाखवलं तर तो दुसरं काय करणार?

गंमत अशी की आता फिल्मचा कॅमेरा परत येतो आहे. हाँगकाँगचा ‘होल्गा’ हा खेळण्यासारखा प्लास्टिकचा कॅमेरा. त्याच्या फटींतून उजेड आत शिरतो आणि फोटोवर तांबडे-पिवळे पट्टे पडतात. आमच्याकडे याला ‘रोल जळाला’ म्हणत आणि जळाला कोणामुळे यावर भावाभावांत अबोला होई. आता त्या पट्ट्यांसाठी लोक मुद्दाम पैसे मोजतात, आणि ज्यांना कॅमेरा नको त्यांच्यासाठी फोनमध्ये ते पट्टे आयते मिळतात. २०२४ साली पेंटॅक्सने ५०० डॉलरला एक नवा फिल्म कॅमेरा काढला. तोही माइतानीसारखा अर्ध्या जागेत फोटो काढणारा, आणि त्यात फिल्म हाताने पुढे सरकवावी लागते. गेल्या शतकात जे काम आपल्या हातून काढून घेतलं म्हणून आपण पैसे दिले, तेच परत हातात दिलं म्हणून आता पुन्हा पैसे द्यायचे. गिऱ्हाइकाबद्दलचं मत बदललेलं दिसतं. हौसेबद्दलचं तेच आहे.

मात्र या कंपन्यांनी आपल्यावर एकदा खरोखर विश्वास टाकला होता, आणि आपण तो वाया घालवला. हेन्री गेसमन या संशोधकाच्या डोक्यात आलं, की फोटोबरोबर दोन शब्द लिहिता आले तर किती बरं. ईस्टमनने त्याला तीन लाख डॉलर देऊन ती युक्ती विकत घेतली आणि १९१४ सालापासून कोडॅकच्या घडीच्या कॅमेऱ्यांना पाठीमागे एक चिमुकलं दार आलं. फोटो काढायचा, दार उघडायचं, आतल्या कागदावर टोकदार काडीने तारीख, गाव, माणसाचं नाव लिहायचं, क्षणभर उजेडात धरायचं. धुतल्यावर निगेटिव्हच्या कडेला ती अक्षरं उमटत. पहिल्या महायुद्धात खिशात मावेल असे हे कॅमेरे सैनिकांनी खंदकात नेले. एवढी सोय होती, पण लोकांनी ते दार फारसं उघडलंच नाही, आणि १९३२ च्या सुमारास ते बंद झालं. बटण दाबायला आपण तयार होतो, दोन शब्द लिहायला नव्हतो.

त्याची किंमत खोकं उघडल्यावर कळते. अंतर, उजेड, फोकस, सगळं यंत्राने सांभाळलं. पण गणपतीपुढे तिसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या, जरीच्या टोपीतल्या त्या गृहस्थांचं नाव काय, हे कुठलंच यंत्र सांगत नाही. ते ज्यांना ठाऊक आहे अशी घरात आता एक-दोनच माणसं उरली असतील. तेव्हा येत्या रविवारी खोकं खाली काढा, त्यांच्या शेजारी बसा आणि मऊ पेन्सिलीने फोटोच्या मागे नावं लिहून घ्या. बॉलपेन नको, पुढच्या बाजूला वळ उठतात. बाकीचं सगळं कंपनीने केलेलं आहे, एवढं एकच काम आपल्यासाठी ठेवलं आहे.